ऑफिसच्या फोनवरचं व्हॉइसमेल ग्रीटिंग: रेकॉर्ड कसं करावं आणि शिळं कसं होऊ देऊ नये

फोन उचलला गेला नाही की पलीकडच्या माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात: आपण योग्य ठिकाणी फोन लावलाय ना, आणि आपल्याला उलट फोन कधी येईल? व्हॉइसमेलचं ग्रीटिंग, म्हणजे निरोप ठेवण्याआधी ऐकू येणारं आपलं रेकॉर्ड केलेलं बोलणं, याच दोन प्रश्नांसाठी असतं. पहिल्याचं उत्तर एकदा रेकॉर्ड केलं की वर्षानुवर्षं चालतं. दुसऱ्याचं मात्र शिळं होतं. ‘मी सोमवारपर्यंत रजेवर आहे’ हे गुरुवारी ऐकू आलं, तर आपला निरोप कुणी ऐकणार आहे यावर फोन करणारा कसा विश्वास ठेवेल? म्हणून कायमचं ग्रीटिंग आणि तात्पुरतं ग्रीटिंग सुरुवातीपासूनच वेगळं ठेवायचं. बाकीची मेहनत त्यामानाने थोडी आहे.

आधी मेलबॉक्स उघडा आणि पिन बदला

बऱ्याच डेस्क फोनवर पाकिटाचं चिन्ह असलेलं बटण असतं. ते दाबलं की मेलबॉक्स, म्हणजे आपले निरोप जिथे साठतात ती जागा, उघडतो. नसेल तर छोटा कोड लावावा लागतो. फ्रीपीबीएक्स या ऑफिसचे फोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगमध्ये तो स्टार ९७ असतो, आणि दुसऱ्याच्या टेबलावरून आपला मेलबॉक्स उघडायचा असेल तर स्टार ९८ लावून मग आपला नंबर द्यायचा. इतर सिस्टीमचा कोड फोनची व्यवस्था पाहणाऱ्यांना विचारा.

सुरुवातीला मिळालेला पिन कित्येकदा १२३४ नाहीतर एक्स्टेंशनचाच (ऑफिसातल्या तुमच्या फोनचा अंतर्गत) नंबर असतो. तो पहिल्याच दिवशी बदला. व्हॉइसमेल बाहेरच्या फोनवरूनही ऐकता येईल अशी सोय अनेक सिस्टीममध्ये असते, त्यामुळे पिनचा अंदाज बांधणाऱ्याला ऑफिसात यावंही लागत नाही. ब्रिटनमधलं ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे साप्ताहिक जुलै २०११ मध्ये बंद झालं, ते लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकल्याच्या प्रकरणामुळे. कुणी न बदललेले मूळ पिन हा त्या चोरीचा एक सोपा रस्ता होता.

कोणतं ग्रीटिंग कशासाठी

अ‍ॅस्टेरिस्कवर (फ्रीपीबीएक्सच्या मुळाशी असलेलं फोन सॉफ्टवेअर) चालणाऱ्या सिस्टीममध्ये मेलबॉक्स उघडल्यावर ० दाबलं की ग्रीटिंगचा मेनू येतो. १ वर फोन उचलला गेला नाही तेव्हाचं ग्रीटिंग, २ वर लाइन व्यस्त असतानाचं, ३ वर फक्त आपलं नाव, ४ वर तात्पुरतं ग्रीटिंग आणि ५ वर पिन बदलणं. सिस्को कंपनीच्या युनिटी कनेक्शन या व्हॉइसमेल सिस्टीममध्ये याहून जास्त कप्पे आहेत: नेहमीचं, ऑफिस बंद असतानाचं, लाइन व्यस्त असतानाचं, ऑफिसातल्याच सहकाऱ्यांसाठीचं, सुट्टीचं, आणि एक पर्यायी ग्रीटिंग. हे पर्यायी ग्रीटिंग चालू केलं की बाकीची बाजूला पडतात.

सगळे कप्पे भरायची गरज नाही. नाव, नेहमीचं ग्रीटिंग आणि तात्पुरतं ग्रीटिंग ही तीन बहुतेकांना पुरतात. नावाचं रेकॉर्डिंग मात्र टाळू नका. नावावरून माणूस शोधायची सोय असेल तर तिथे तेच वाजतं, आणि ते नसेल तर फोन करणाऱ्याला नुसता एक्स्टेंशन नंबर ऐकू येतो.

मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये सेटिंगच्या कॉल विभागात व्हॉइसमेल सापडतो. तिथे मजकूर टाइप करून तो यंत्राच्या आवाजात वाचून घेता येतो. घाईच्या वेळी ते ठीक आहे. पण आपल्या माणसाचा आवाज ऐकला की योग्य ठिकाणी आलो याची खात्री पटते, तशी यंत्राच्या आवाजाने पटत नाही.

काय बोलायचं

आधी कागदावर लिहा. वाचून पाहा, आणि २० सेकंदांवर गेलं तर काटा. नेहमीच्या ग्रीटिंगचा हा एक नमुना:

‘नमस्कार, लेखा विभागातून मी अमुक बोलतेय. आत्ता फोन घेता येत नाहीये. तुमचं नाव, फोन नंबर आणि बिल क्रमांक सांगा. कामाच्या दिवशी सकाळी दहा आणि दुपारी चार वाजता मी निरोप ऐकते आणि त्याच दिवशी फोन करते. चारनंतरच्या निरोपाला पुढच्या कामाच्या दिवशी फोन येईल. घाईचं असेल तर शून्य दाबा, रिसेप्शनला फोन जाईल.’

यात ‘लवकरात लवकर संपर्क साधू’ हे वाक्य नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. दहा आणि चार या वेळा सांगितल्या की समोरचा निर्धास्तपणे आपल्या कामाला लागतो. पण वेळ द्यायची तर ती पाळता येईल अशीच द्या. रोज दोनदा ऐकणं जमणार नसेल तर एकदाच म्हणा. बिल क्रमांक मागितलाय तोही उगाच नाही: तो निरोपातच मिळाला तर उलट फोन करण्याआधी कागद काढून ठेवता येतो.

शून्य दाबायला सांगण्यापूर्वी ते खरंच कुठे जातं याची खात्री करा. ती सोय फोनची व्यवस्था पाहणाऱ्यांनी चालू केलेली नसेल, तर फोन करणारा शून्य दाबत बसतो आणि काही होत नाही.

पर्यायी फोन नंबर सांगायचा असेल तर एकेक अंक सुटा बोला. ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’ यांत फोनवर हमखास गोंधळ होतो. ‘सहा नऊ’ आणि ‘सात नऊ’ यांत होत नाही. नंबर दोनदा सांगा, आणि दुसऱ्यांदा सांगताना लिहून घेता येईल इतक्या सावकाश.

रेकॉर्डिंग

स्पीकरवर रेकॉर्ड करू नका, खोलीचा घुमारा त्यात येतो. हँडसेट उचला, माउथपीस ओठांच्या समोर न धरता किंचित हनुवटीकडे धरा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा फटका बसणार नाही. साध्या टेलिफोन लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज जातो. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरं प्रत्यक्षात ऐकू येतात तितकी स्पष्ट उमटत नाहीत. नाव आणि विभाग नेहमीपेक्षा सावकाश बोलावं लागतं ते यासाठीच.

बीप वाजल्यावर क्षणभर थांबा, मग सुरू करा. लगेच बोललात तर ‘नमस्कार’मधला ‘न’ कापला जाण्याची भीती असते. बोलून झाल्यावर हॅश दाबा. फोन नुसता ठेवून दिलात तर रिसीव्हर आपटल्याचा आवाज ग्रीटिंगच्या शेवटी कायमचा राहू शकतो. हॅशनंतर अ‍ॅस्टेरिस्क विचारतं: १ दाबून स्वीकारा, २ दाबून ऐका, ३ दाबून पुन्हा रेकॉर्ड करा. आधी २ दाबा.

फाइल अपलोड करायची सोय असेल आणि ती वाजत नसेल, तर बहुधा तिचा प्रकार चुकलेला असतो. अ‍ॅस्टेरिस्कला ८००० हर्ट्‌झची, १६ बिटची, मोनो डब्ल्यूएव्ही फाइल चालते.

रजेवर जाताना

नेहमीच्या ग्रीटिंगला हात लावू नका. तात्पुरतं ग्रीटिंग रेकॉर्ड करा. ते असेपर्यंत तेच वाजतं आणि काढून टाकलं की जुनं आपोआप परत येतं. त्यात ‘उद्या’, ‘पुढच्या सोमवारी’ असं म्हणू नका. ऐकणारा ते कोणत्या दिवशी ऐकतोय हे तुम्हाला माहीत नसतं. तारीख आणि वार दोन्ही सांगा, आणि तुमच्या जागी कोण काम पाहतंय तेही. त्या सहकाऱ्याला आधी विचारायला विसरू नका.

परतल्यावर ग्रीटिंग काढायची आठवण रजेचा अर्ज टाकतानाच कॅलेंडरमध्ये लावा. काही सिस्टीममध्ये शेवटची तारीख आधीच देता येते, तर ती द्याच. अ‍ॅस्टेरिस्कमध्येही तात्पुरतं ग्रीटिंग चालू असल्याची सूचना मेलबॉक्स उघडताना ऐकवण्याची सेटिंग आहे. फोनची व्यवस्था पाहणाऱ्यांना ती चालू करायला सांगा.

बाहेरून फोन करून पाहा

आपल्या मोबाइलवरून ऑफिसच्या नंबरवर दोनदा फोन लावा: एकदा तो वाजू द्या, आणि एकदा लाइन व्यस्त असताना. सहकाऱ्याच्या टेबलावरून तपासणं पुरेसं नाही, कारण आतल्या फोनला वेगळं ग्रीटिंग लावलेलं असू शकतं.

डेस्कचा फोन मोबाइलवर वळवलेला असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. मोबाइलचा स्वतःचा व्हॉइसमेल ऑफिसच्या सिस्टीमआधी कॉल उचलत असेल, तर ऑफिसचे निरोप तुमच्या खाजगी मेलबॉक्समध्ये जाऊन पडतात. तुम्ही इकडे ऑफिसचा मेलबॉक्स तपासत राहता आणि तो रिकामाच दिसतो. मोबाइलवर फोन वाजण्याचा वेळ त्याच्या व्हॉइसमेलपेक्षा काही सेकंद कमी ठेवला की हे थांबतं.

विभागाच्या सामायिक मेलबॉक्ससाठी निरोप कोण ऐकणार ते नावानिशी ठरवा. ‘सगळेच बघतात’ म्हणजे कुणीच बघत नाही. नवा निरोप ईमेलवर पाठवायची सोय चालू करा, आणि ऐकून काम झालेले निरोप पुसत जा. मेलबॉक्स भरला की ग्रीटिंग कितीही छान असलं तरी नवा निरोप ठेवता येत नाही. आणि कुणी नोकरी सोडली, तर त्याच दिवशी त्या एक्स्टेंशनवरचं नाव, ग्रीटिंग आणि पिन, तिन्ही बदला.