पंचकर्माच्या टेबलाशी नऊ वर्षं: नव्याने येणाऱ्यांसाठी

चौकशीला येणाऱ्या मुली आधी माझ्या हातांकडे बघतात. माझी उंची पाच फूट, मनगटं बारीक. "ताई, तुम्हाला एवढा जोर कसा जमतो?" हा प्रश्न ठरलेला. पुण्यातल्या एका आयुर्वेदिक केंद्रात मी नऊ वर्षं पंचकर्म थेरपिस्ट आहे. पहिली दोन वर्षं मीही हातानेच जोर लावत होते, आणि ते माझ्या उजव्या अंगठ्याला चांगलंच भोवलं.

अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागायचा. कुकरचं झाकण निघेना, पर्सची चेन ओढवेना. शेवटी ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्टने मला काम करताना पाच मिनिटं नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "अगं, तू पाय जुळवून उभी राहतेस आणि सगळा दाब अंगठ्यातून काढतेस." तिने उभं राहायला शिकवलं. एक पाय पुढे, एक मागे. पाठ सरळ ठेवून गुडघ्यातून झुकायचं आणि अंगाचं वजन हातावर सोडायचं. पाठीला तळवा, मांडीला कोपराखालचा हात. अंगठा अगदी छोट्या जागेपुरता.

टेबलाची उंचीही बघायची असते, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. टेबलाशेजारी ताठ उभं राहून हात खाली सोडायचे आणि मूठ वळायची. बोटांचे पेर टेबलाला टेकले तर उंची साधारण बरोबर. आमची द्रोणी, म्हणजे पेशंटला झोपवून तेल लावायचं टेबल, लाकडी आणि जड, तिची उंची बदलत नाही. मी सुताराकडून उभं राहायला तिच्या लांबीची बुटकी फळी करून घेतली, खाली रबर ठोकून. फरशीवर तेल सांडलेलं असतंच, रबर नसेल तर फळीसकट आपण घसरतो.

दिवसाला पाच अभ्यंग म्हणजे पाच तास उभं राहणं. त्यात पंखा बंद, कारण तेल लावलेल्या अंगाला वारा लागू द्यायचा नसतो. शेजारी स्वेदनाच्या पेटीची वाफ. मे महिन्यात काय होतं ते सांगायला नको. गुरुवारचा कडक उपास धरून आलेली आमची एक मुलगी तिसऱ्या पेशंटला चक्कर येऊन खाली बसली. उपास करा, पण ताक-केळं तरी पोटात असू द्या.

सर्वांग अभ्यंगाला दोन्ही बाजूंनी दोघी असतो. दोघींच्या हातांचा वेग आणि दाब सारखा हवा, नाहीतर पेशंटला एक बाजू घाईत उरकल्यासारखी वाटते. हे बोलून जुळत नाही, समोरचीच्या हातांकडे बघत जुळवावं लागतं. जोडीदारणीशी सकाळी भांडण झालं असेल तर ते तेलात उतरतं, अनुभव आहे!

आता बोलण्याचं. माझ्या मते मुली इथेच जास्त अडतात. "दुखतंय का?" असं विचारलंत तर आपली माणसं "नाही नाही, चालू दे" म्हणतात, दात आवळून. म्हणून मी विचारते, "दाब असाच ठेवू की कमी करू?" मग खरं उत्तर येतं. तोंड बोललं नाही तरी पायाची बोटं बोलतात, ती आखडली की हात हलका करायचा. कपडा बाजूला करण्याआधी आणि पोटाला हात लावण्याआधी सांगायचं, विचारायचं. आणि "तुमचा मणका सरकलाय" असली वाक्यं तोंडातून काढायची नाहीत. निदान वैद्यांनी करायचं. आपल्या एका वाक्याने माणूस रात्रभर झोपत नाही.

नाही म्हणताही यायला हवं. एकदा एक काकू आल्या, अमेरिकेत मुलीकडे राहून नुकत्याच परतलेल्या. "एवढी एक पोटरी चोळून दे गं, विमानात बसून धरलीय." हात लावला तर ती पोटरी दुसरीपेक्षा सुजलेली आणि गरम. मी तेलाची वाटी खाली ठेवली. काकू चिडल्या, "पैसे भरलेत मी!" त्यांना म्हटलं, "काकू, पैसे परत देतील, पण वैद्यांनी बघितल्याशिवाय मी इथे चोळणार नाही." सोनोग्राफीत शिरेत गुठळी निघाली. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. तेव्हापासून ताप, ताजं ऑपरेशन, गरोदरपण, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या हे सगळं मी तेल गरम करण्याआधीच विचारते, कागदावर लिहिलेलं असलं तरी.

मुलाखतीला जाल तेव्हा दोन गोष्टी विचारून घ्या. बायकांना बायका आणि पुरुषांना पुरुष ही पद्धत ते पाळतात का? पेशंट वेडंवाकडं वागला तर उपचार थांबवून बाहेर पडायची मुभा आहे का? दुसऱ्या प्रश्नावर मॅनेजर हसला तर तिथे नोकरी धरू नका. बाकी ठिकाणी प्रात्यक्षिक करून दाखवायला सांगतात, तेव्हा नखं घरूनच कापून जा.