खंजेरी भजनाचे घरगुती ध्वनिमुद्रण : इफेक्ट कोणते, किती आणि कोणत्या क्रमाने

विदर्भातील खेड्यापाड्यांतील भजनी मंडळे आता लॅपटॉप आणि एखादा यूएसबी माइक एवढ्या साहित्यावर स्वतःची भजने ध्वनिमुद्रित करू लागली आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घरोघरी पोहोचवलेली खंजेरी भजनाची परंपरा नव्या पिढीने अशी जतन करावी, ही फार मोलाची गोष्ट आहे. मात्र मंडपातील साउंड सिस्टिमवर घुमणारा आवाज ऐकण्याची सवय असल्यामुळे बहुतेक नवशिके सॉफ्टवेअर उघडताच सर्वांत आधी इको (ठरावीक अंतराने परत येणारा प्रतिध्वनी) लावतात आणि तिथेच भजनाचे शब्द हरवतात. माझे स्पष्ट मत असे आहे की आवाजातून नको ते काढणारे इफेक्ट आधी वापरावेत आणि आवाजात भर घालणारे इफेक्ट सर्वांत शेवटी, तेही अगदी थोडे. पुढील माहिती ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरच्या आधारे दिली आहे. इतर सॉफ्टवेअरमध्ये बटणांची जागा बदलते, तत्त्व तेच राहते.

इफेक्टचे निम्मे काम खोलीतच होते. सिमेंटच्या भिंती आणि टिनाचे छप्पर असलेल्या खोलीत टाळी वाजवली की आवाज खणखणत परत येतो, आणि एकदा माइकमध्ये शिरलेली ही घुमणी सॉफ्टवेअरमधील साध्या इफेक्टने निघत नाही. भिंतींवर गोधड्या टांगाव्यात. हंगामात ज्या खोलीत कापूस भरून ठेवलेला असतो, ती खोली मिळाल्यास उत्तमच, कारण कापसासारखा सच्छिद्र पदार्थ मध्यम आणि उंच स्वर चांगले शोषून घेतो. कूलर व पंखा बंद ठेवावा. गायकाने सर्वांत मोठ्याने तान घेतली तरी पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही (शून्याला आवाज फाटतो), अशा बेताने माइक लावावा, कारण फाटलेला आवाज नंतर पूर्णपणे दुरुस्त होत नाही.

मेनूमधून लावलेला इफेक्ट ऑडॅसिटीत मूळ आवाजच बदलतो. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी ट्रॅक निवडून कंट्रोल आणि डी ही बटणे एकत्र दाबावीत, त्याची प्रत तयार होते. मूळ ट्रॅक म्यूट करून बाजूला ठेवावा.

पहिला इफेक्ट नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा गोंगाट कमी करणे. भजन सुरू होण्याआधी सर्वांनी काही सेकंद पूर्ण शांत बसावे आणि तेवढी शांतता मुद्रित होऊ द्यावी. नंतर तेवढाच भाग निवडून 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबावे, मग संपूर्ण ट्रॅक निवडून तोच इफेक्ट पुन्हा उघडावा आणि प्रत्यक्ष लावावा. सॉफ्टवेअर या नमुन्यातून प्रत्येक कंपनसंख्येवर गोंगाट किती आहे हे मोजते आणि त्या पातळीखालील आवाज दाबते. म्हणूनच नमुना घेताना श्रुतिपेटी किंवा पेटीचा सूर चालू असता कामा नये, अन्यथा तो अखंड सूरही गोंगाट समजून दाबला जाईल. घट ६ ते १२ डेसिबलपर्यंतच ठेवावी. त्यापुढे गेल्यास गायक पाण्याखालून गात असल्यासारखा आवाज येतो, आणि मागे थोडी सळसळ राहिली तरी ती या विकृतीपेक्षा नक्कीच बरी. रातकिड्यांचा आवाज किंवा मधेच गेलेली मोटारसायकल या इफेक्टने जात नाही. तेवढा भाग पुन्हा गाऊन घ्यावा.

गावाकडे अर्थिंग कच्चे असल्यास ध्वनिमुद्रणात सतत घूं असा आवाज येतो. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे, पुष्कळदा तेवढ्यानेच तो थांबतो. तरीही राहिला तर नॉच फिल्टर, म्हणजे एकाच कंपनसंख्येचा (ती हर्ट्झमध्ये मोजतात) आवाज कापणारा इफेक्ट, वापरावा. त्यात सुरुवातीला ६० हर्ट्झ हा अमेरिकेतील विजेचा आकडा भरलेला असतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने तो बदलणे आवश्यक आहे. १०० आणि १५० हर्ट्झवरही हाच आवाज उमटतो, पण तिथे गायकाचा स्वरही असल्यामुळे क्वालिटी फॅक्टर वाढवून काट अरुंद ठेवावी.

त्यानंतर हाय-पास फिल्टर लावून पुरुषाच्या आवाजातील सुमारे ८० आणि स्त्रीच्या आवाजातील सुमारे १०० हर्ट्झखालचा भाग काढावा, म्हणजे माइकला लागलेले धक्के आणि श्वासाचे फटके कमी होतात. संपूर्ण मंडळासाठी एकच माइक असेल तर ही मर्यादा ६० च्या आसपास आणावी, नाहीतर खंजेरीची थाप पोकळ होते. खालच्या-वरच्या स्वरांची पातळी वेगवेगळी कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरमध्ये २०० ते ४०० हर्ट्झ दरम्यान २-३ डेसिबल कमी केल्यास कोंदटपणा जातो. टाळ कानाला टोचत असतील तर उंच स्वर थोडे उतरवावेत, परंतु ३,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्याला फार हात लावू नये, कारण शब्दांची स्पष्टता तिथेच असते.

कॉम्प्रेसर मोठा आवाज खाली आणतो, त्यामुळे हळू म्हटलेले चरण आणि टिपेचा स्वर यांतील अंतर कमी होते. गायकासाठी रेशो, म्हणजे आवाज दाबण्याचे प्रमाण, ३:१ पुरेसा असतो. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीपासून दाबणे सुरू होते ती मर्यादा, एवढाच खाली आणावा की सर्वांत मोठ्या ठिकाणी ३ ते ६ डेसिबल घट होईल. खंजेरीचा ट्रॅक वेगळा असल्यास अटॅक (दाबणे सुरू व्हायला लागणारा वेळ) २० ते ३० मिलिसेकंद ठेवावा, म्हणजे थापेचा पहिला ठोका दाबला जाण्याआधीच निसटून जातो.

आता रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीत येते तशी घुमणी. गायकाच्या ट्रॅकची आणखी एक प्रत करून तिच्यावर 'वेट ओन्ली' (मूळ आवाजाशिवाय फक्त घुमणी) निवडून रिव्हर्ब लावावा, रूम साइज ४० टक्क्यांच्या आसपास आणि प्री-डिले (घुमणी सुरू होण्याआधीचे अंतर) २० मिलिसेकंद ठेवावा. या प्रतीचा फेडर (आवाजाची पट्टी) पूर्ण खाली करून हळूहळू वर न्यावा. रिव्हर्ब वेगळा ऐकू येऊ लागला की थोडे मागे यावे. तो म्यूट केल्यावरच उणीव जाणवावी, इतकेच त्याचे प्रमाण असावे.

इको मात्र खंजेरी भजनात टाळावा असेच मी सांगेन. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत एक मात्रा सुमारे ०.६७ सेकंदांची असते, आणि डिले टाइम तेवढा ठेवल्यास पहिल्या कडव्यात प्रतिध्वनी ठेक्यात बसतोही. परंतु आपली भजने रंगत जातात तशी त्यांची लय चढत जाते, इकोचे अंतर मात्र तेच राहते. परिणामी शेवटच्या गजरात प्रत्येक प्रतिध्वनी खंजेरीच्या थापेच्या मागे पडतो आणि सगळा ठेका विस्कटतो. हवाच असेल तर संथ लयीतील सुरुवातीच्या आलापापुरता तो निवडून लावावा.

सर्व ट्रॅक एकत्र केल्यावर लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीवर आवाज जाऊ न देणारा इफेक्ट, उणे १ डेसिबलवर लावावा. डब्ल्यूएव्ही (पूर्ण दर्जाची) फाइल जपून ठेवावी आणि पाठवण्यासाठी एमपी३ वेगळी काढावी. ती आधी हेडफोनवर, मग साध्या मोबाइलच्या स्पीकरवर आणि शक्य असल्यास मंदिरावरील भोंग्यावर ऐकावी. भोंग्यात खालचे स्वर जवळजवळ नसतात, त्यामुळे तिथे शब्द कळले नाहीत तर आवाज वाढवण्याऐवजी आधी रिव्हर्बचा फेडर उतरवावा आणि मगच इक्वलायझरकडे परत जावे.