तुमच्या कराटेत भोक कुठे आहे, ते शोधा आणि बुजवा

‘प्रत्येक शैलीत काही चांगलं, काही कमी असतं’ असं कुणी म्हणालं की मला उठून जावंसं वाटतं. खोटं नाही ते, पण त्याचं करायचं काय? जाळ्याला भोक आहे म्हणून रापणीवरचा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारा माणूस गप्प बसतो का? तो जाळं वाळूवर पसरतो, हात फिरवत जातो आणि सुई काढतो. मालवणात वीसेक वर्षं शोतोकान या शैलीचं कराटे करतोय, त्यातली पहिली दहा मी भोक नाहीच असं समजून काढली. खाली सांगतोय ते कुठल्याही शैलीला चालेल, उदाहरणं मात्र माझ्या कराटेतली.

आधी कागद घ्या. तुमच्या स्पर्धेत ज्याला गुण नाहीत किंवा ज्याची मनाई आहे, त्याची यादी करा. जिथे पंच थांबवतात तिथे सराव थांबतो, आणि सराव थांबतो तिथेच भोक पडतं. ऑलिम्पिकच्या तायक्वांदोत चेहऱ्यावर ठोसा चालत नाही, म्हणून हात खाली राहतात. क्योकुशिन या कराटेच्याच शैलीत छातीवर वाट्टेल तेवढं मारा, पण मुठीने डोक्यावर नाही, म्हणून दोघं नाकाला नाक लावून उभे. ज्युदोत आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये २०१३पासून पायाला हात लावायची बंदी आली, त्यामुळे नवीन मुलांना कुस्तीतला पट (पाय धरून पाडायचा डाव) समोरून आला की उमजत नाही. कुस्तीत ठोसाच नाही, त्यामुळे पैलवान तोंड पुढे करून आत शिरतो. आमच्या कुमितेत, म्हणजे कराटेच्या लढतीत, ठोशाला १, धडावर किकला २ आणि डोक्यावर किकला ३ गुण. दोघं एकमेकांना चिकटले की थोड्याच वेळात पंच ‘यामे’ (थांबा) म्हणतात आणि आम्ही ड्रेस नीट करत मागे होतो. म्हणजे आमचं भोक ‘यामे’च्या पुढे. हे दहा मिनिटांचं काम आहे, त्यावर आठवडा घालवू नका.

अवघड आहे ते पुढचं. कागदावरचं भोक अंगाला कळलं पाहिजे, आणि त्यासाठी तुमचं न ऐकणारा जोडीदार लागतो.

मी इथेच सगळ्यात जास्त वर्षं घालवली. मला वाटायचं, मी जोडीदाराबरोबर पकडीचा सराव करतोच की. तो मनगट धरायचा, मी हात पिळून सोडवायचो, तो दोन पावलं मागे जायचा. माझ्या क्लासमधली मुलं होती ती. सरांना धरायचं म्हणजे हळूच धरायचं, सरांनी झटका दिला की पडायचं. कुणी लबाडी करत नव्हतं, मला सोडायचं हे त्यांच्या हातांना पाठ झालं होतं. म्हणून हात जोडून सांगतो, आपल्याच विद्यार्थ्यांवर हे तपासू नका. आदराने पडलेला माणूस तुम्हाला काहीच शिकवत नाही.

माझे डोळे उघडले दांडीच्या किनाऱ्यावर. वाडीतला एक दादा, वयाने मोठा, जन्मभर रापण ओढलेला. त्याला सांगितलं, मला फक्त धर, दुसरं काही करू नकोस. मी ठोसा काढला, दुसरा हात सवयीने कमरेला नेला आणि त्याने माझी बाही धरली. सुटलीच नाही. ओली दोरी ओढून ओढून तयार झालेली ती बोटं, त्यांना माझा झटका कळलासुद्धा नसावा. मी वाळूत आडवा आणि तो वरून विचारतोय, “रे, हात कमरेक कित्याक नेतंस?” दहापैकी नऊ वेळा मी खाली होतो.

तर असं करा. एकच हल्ला ठरवा: धरणं, पट काढणं किंवा चेहऱ्यावर ठोसा, जे तुमच्या यादीत पहिलं असेल ते. जोडीदाराने तेवढंच करायचं, पण मनापासून. तुम्ही तुमच्या शैलीतलं सगळं वापरा. एक फेरी ३० सेकंदांची, अशा दहा. किती वेळा फसलात ते तिसऱ्याने मोजायचं, कारण स्वतः मोजलं की आकडा हमखास कमी होतो. फोन वाळूत खोचून चित्रण करा. मला वाटत होतं मी बाजूला सरकतोय, चित्रणात मी हनुवटी वर करून सरळ रेषेत मागे जाताना दिसलो.

जोर पायऱ्यांनी वाढवा. पहिल्या दिवशी पूर्ण ताकद लावणारे खांदा दुखावून घरी बसतात आणि ‘हे सगळं फालतू आहे’ म्हणत फिरतात. तिसऱ्या हिश्श्याच्या जोरात दहापैकी सहा वेळा सुटलात की अर्ध्यावर या. ठोसा असेल तर दातांना गार्ड हवाच. हाताने दोनदा थापटलं की तिथल्या तिथे सोडायचं, यात गंमत नाही. जागा ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू. कोरड्या वाळूत पाय रुततात आणि पट काढणारासुद्धा मंद होतो, त्यामुळे तुम्ही उगाच खूश होता. पावसाळ्यात जांभ्याच्या अंगणात शेवाळावर हे करायला जाऊ नका. डोक्यापर्यंत किक मारणाऱ्याने मात्र एकदा त्या अंगणात नुसतं उभं राहून बघावं, त्याच्या यादीत एक ओळ वाढेल.

आकडे आले की विचारा: दोष शैलीचा की माझा? तुमच्यापेक्षा चांगला, त्याच शैलीतला माणूस त्याच दादासमोर उभा करा. तो सुटला तर शैलीला नावं ठेवू नका, तुमचा सराव कमी आहे. तोही त्याच जागी अडकला तर भोक खरं.

बुजवायला आधी घरातच बघा. कमरेला जाणारा हात आम्ही वर्षानुवर्षं नुसता शोभेसाठी नेत होतो. त्या हाताने समोरच्याचा हात धरून ओढायचा असतो, हे मला रापणीवाल्याने विचारल्यावर कळलं. शोतोकानचे जनक गिचिन फुनाकोशी यांच्या १९३५च्या पुस्तकात फेकीसुद्धा आहेत. म्हणजे वस्तू घरात होती, माळ्यावर टाकलेली.

घरात नाही मिळालं तर बाहेर जा, पण एकच गोष्ट आणा. मी कोल्हापूरच्या बाजूच्या एका पैलवानाकडून फक्त पट अडवायला शिकलो: पाय मागे फेकायचे, छातीचा भार त्याच्या पाठीवर टाकायचा. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, तीन महिने. मोबाईलवर बघून पाच शैलींचे पंधरा डाव गोळा करणारे मला दर सुट्टीत भेटतात. दादाने धरलं की त्यातला एकही आठवत नाही.

तीन महिन्यांनी तीच फेरी, तोच माणूस, तीच वाळू. माझा आकडा नऊवरून चारवर आला. दादा म्हणाला, आता बाही नको, मानच धरतो. ते गणपती झाल्यावर सुरू करणार आहे.