केमिस्ट्रीचा अभ्यासक्रम निवडताय? आधी प्रात्यक्षिकाचं बोला

"दहावी झाली, आता बारावी सायन्स घरीच करायचंय. केमिस्ट्रीला कुठलं पुस्तक घेऊ?" उन्हाळा लागला की घरशाळा करणाऱ्या ओळखीच्या आयांचे असे फोन सुरू होतात. मी बीएस्सी केमिस्ट्री, औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढलेली, आणि माझी लेक पुण्यात घरीच शिकते, म्हणून मला विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. पुस्तक सगळ्यात शेवटी. आधी परीक्षा कुठली ते ठरवा, लगेच त्या परीक्षेचं प्रात्यक्षिक कुठे आणि कसं होणार ते बघा, मगच पुस्तकाला हात घाला. इतिहासाचं पुस्तक मूल कोचावर बसून वाचू शकतं. केमिस्ट्रीत बुरेट, म्हणजे द्रव थेंबाथेंबाने मोजून सोडणारी काचेची नळी, हातात धरल्याशिवाय निम्मा विषय कळतच नाही, आणि घरी शिकणाऱ्या मुलाची गाडी नेमकी तिथेच अडते.

परीक्षेपासून सुरुवात

मूल चौदाच्या पुढे गेलं की शिक्षण हक्क कायद्याची सहा ते चौदा ही वयोमर्यादा संपते आणि खरा प्रश्न प्रमाणपत्राचा होतो. आपल्याकडच्या बहुतेक घरांपुढे दोन वाटा असतात: एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, नाहीतर केंब्रिज किंवा एडेक्सेलसारखं परदेशी बोर्ड.

एनआयओएसला बारावीच्या पातळीवर केमिस्ट्रीचा विषय क्रमांक ३१३. दहावी पास आणि वयाची १५ वर्षं पूर्ण हवीत. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते. मुलाला एखाद्या वर्षी गणितातच बुडून जायचं असेल तर केमिस्ट्री पुढच्या सत्राला ढकलता येते. घरशाळेच्या स्वभावाला याहून सोयीचं दुसरं बोर्ड मला दिसत नाही. लेखी ८० गुण, प्रात्यक्षिक २०, आणि दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं. प्रात्यक्षिकाचे २० गुण किरकोळ म्हणून सोडून देऊ नका.

जेईईसाठी एनआयओएसचे किमान पाच विषय लागतात, हे नोंदणीच्या दिवशीच बघून घ्या. मुक्त विद्यालयातल्या मुलांना मेडिकलची ‘नीट’ परीक्षा देता येते का, हा वाद कितीतरी वर्षं कोर्टात चालला होता. आता तो मिटलाय, देता येते.

परदेशी बोर्डांत एक बारकावा आहे आणि तो पालकांना फार उशिरा कळतो. केंब्रिजच्या आयजीसीएसई केमिस्ट्रीला, क्रमांक ०६२०, प्रात्यक्षिक परीक्षेऐवजी लेखी पेपर देण्याची सोय आहे. पेपर सहा, एक तासाचा, ४० गुणांचा. त्यामुळे दहावीच्या पातळीला लॅबशिवाय निभावतं आणि घरचे निश्चिंत होतात. पुढे ए लेव्हलला, म्हणजे बारावीच्या पातळीला, क्रमांक ९७०१, ही सोय नाही. तिथला पेपर तीन लॅबमध्ये उभं राहून, दोन तास, स्वतःच्या हाताने करावा लागतो. बाहेरून बसणाऱ्या मुलाला या पेपरासाठी लॅब द्यायला प्रत्येक केंद्र तयार होत नाही. एडेक्सेलच्या इंटरनॅशनल ए लेव्हलला मात्र प्रात्यक्षिकाची कौशल्यं तपासणारे पेपर लेखी असतात. तुमच्या गावाजवळ लॅब देणारं केंद्रच नसेल, तर ही एक गोष्ट सगळा निर्णय फिरवू शकते. म्हणून आयजीसीएसईचे पैसे भरण्याआधी ए लेव्हलचं केंद्र शोधा. केंब्रिज बाहेरच्या विद्यार्थ्याशी थेट व्यवहार करत नाही, सगळं केंद्रामार्फतच होतं.

केंद्राला काय विचारायचं

एनआयओएसच्या एका अभ्यासकेंद्रावर मी चौकशीला गेले होते. टेबलापलीकडून सांगण्यात आलं, "ताई, तुम्ही फाइल लिहून आणा, बाकीचं आम्ही बघतो." आजही ते आठवलं की मला राग येतो. सोळा वर्षांच्या मुलीला न केलेल्या प्रयोगाची निरीक्षणं लिहायला लावायची, म्हणजे विज्ञानाच्या नावाखाली खोटं बोलायला शिकवणं आहे. आम्ही ते केंद्र सोडलं. तुम्हीही सोडा.

चांगलं केंद्र ओळखायला फार वेळ लागत नाही. लॅब बघायला मिळेल का, एवढंच विचारा. दाखवायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं. आत गेलात तर बुरेटचे कॉक फिरवून बघा, अडकून बसलेत की चालतात. अभिकर्मकांच्या बाटल्यांवर तारीख आहे का बघा. सिंकला पाणी येतं का बघा. मग नेमके प्रश्न विचारा: टायट्रेशन (एक द्रव दुसऱ्यात थेंबथेंब सोडून त्याचं प्रमाण मोजणं) मुलाला स्वतः किती वेळा करायला मिळेल, सॉल्ट अॅनालिसिसला (दिलेला क्षार कुठला ते ओळखायला) प्रत्येकाला वेगळं सॉल्ट मिळतं की एकच सगळ्यांना, आणि परीक्षेच्या आधी सराव कधी असतो.

केंद्रावर जमलं नाही, तर जवळच्या ज्युनिअर कॉलेजच्या लॅब असिस्टंटना किंवा निवृत्त शिक्षकांना भेटा. बऱ्याच ठिकाणी सुट्टीत चार-पाच मुलांचा गट करून फी घेऊन प्रात्यक्षिकं करून देतात. दोन-तीन घरशाळेची कुटुंबं एकत्र आली की खर्चही झेपतो, आणि मुलांना शेजारच्या टेबलावर कुणीतरी असतं. त्याचीही गरज असते.

आता पुस्तक

एनसीईआरटी, बालभारती, एनआयओएसचं स्वतःचं साहित्य. तिन्ही पीडीएफमध्ये फुकट मिळतात, त्यामुळे विकत घेण्याआधी तिन्ही उतरवून घ्या. माझं मत विचाराल तर नोंदणी कुठेही असो, मुख्य पुस्तक एनसीईआरटीचं ठेवा. भाषा नेमकी आहे, आणि जेईई, नीट दोन्हीकडे त्याच चौकटीतून प्रश्न येतात. एनआयओएसचे धडे एकट्याने वाचणाऱ्या मुलासाठी लिहिलेले आहेत, मधेमधे थांबवून प्रश्न विचारतात. एनसीईआरटी अवघड गेलेल्या प्रकरणाला ते जोडीला घ्यावेत.

पण एक खबरदारी घ्या. काही वर्षांपूर्वी एनसीईआरटीने पुस्तकं कमी केली, तेव्हा अकरावीला नऊ आणि बारावीला दहाच प्रकरणं उरली. पी-ब्लॉकची मूलद्रव्यं त्यात गेली. म्हणजे नायट्रोजन, ऑक्सिजन, गंधक, क्लोरीन यांची सगळी घरं. जेईई आणि नीटच्या अभ्यासक्रमात मात्र पी-ब्लॉक अजून आहे. जुन्या आवृत्तीतून किंवा बालभारतीच्या पुस्तकातून तेवढा भाग भरून काढावा लागतो. मला स्वतःला हा भाग गाळणं पटलेलंच नाही. मूल केमिस्ट्रीच्या प्रेमात पडतं ते बहुतेक वेळा याच भागात, कारण इथे पदार्थांना रंग आहे, वास आहे.

एमएचटी-सीईटी द्यायची असेल तर बालभारतीला पर्याय नाही. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर आणि २० टक्के अकरावीवर, आणि ते राज्य मंडळाच्या पुस्तकाला धरून. बारावीच्या या पुस्तकात १६ प्रकरणं आहेत, पॉलिमर आणि ग्रीन केमिस्ट्रीसकट.

तीनपैकी तुमच्या मुलाला कुठलं जमेल ते तुम्ही ठरवू नका, मुलाला ठरवू द्या. त्यासाठी एकच प्रकरण पुरतं: मोल, म्हणजे पदार्थातले अणू-रेणू मोजायचं एकक. प्रत्येक पुस्तकातला मोलचा भाग काढून मुलाच्या हातात द्या, एकेका दिवशी एक. मदत करू नका. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि एका गणिताचं उत्तर द्यायचं: दहा ग्रॅम खायचा सोडा तापवला, तर मागे किती ग्रॅम उरेल? खायचा सोडा तापला की त्याचा धुण्याचा सोडा होतो, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातात. १६८ ग्रॅममधून १०६ ग्रॅम उरतात, म्हणून दहा ग्रॅममधून ६.३ ग्रॅमच्या आसपास. ज्या पुस्तकातून मूल स्वतःहून या आकड्यापर्यंत पोचलं, ते त्याचं पुस्तक. मग तोच सोडा जुन्या कढईत मंद आचेवर परतायला घ्या, थंड झाल्यावर वजन करा, पुन्हा तापवा, पुन्हा वजन करा. वजन घटायचं थांबलं की प्रयोग संपला. सोनारकाम करणारे वापरतात तसला ०.०१ ग्रॅमपर्यंतचा छोटा काटा काहीशे रुपयांत मिळतो. घरच्या केमिस्ट्रीत पहिली खरेदी हीच करा, पुस्तकाच्याही आधी.

पुस्तक ताजं आहे की शिळं, हेही मोलवरूनच कळतं. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या बदलली आहे. आधी ती १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंवर बेतलेली होती. आता ६.०२२१४०७६ × १०²³ हा आकडाच व्याख्येत पक्का धरला आहे. हातातलं गाइड अजून कार्बन-१२ वाली व्याख्या देत असेल, तर त्यातली बाकीची प्रकरणंही जपून वाचा.

घरी काय करता येतं

केंद्रावरच्या मोजक्या तासांवर सगळा भार टाकू नका. तिथे जाण्याआधी हात तयार हवा, आणि तो स्वयंपाकघरात तयार होतो. मी सगळ्यांना चुना आणि व्हिनेगरचं टायट्रेशन सुचवते.

पानवाल्याकडचा चुना चमचाभर घ्या, एक लिटर पाण्यात ढवळा, बाटली गळ्यापर्यंत भरून बूच घट्ट लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या बाटलीत ओता. ही चुन्याची निवळी. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ती गढूळ होत जाते, म्हणून उघडी ठेवायची नाही. आता काचेच्या पेल्यात सुईविना सिरिंजने बरोबर एक मिलि पांढरं व्हिनेगर, थोडं पाणी आणि चिमटीच्या टोकावर मावेल इतकी हळद. रंग पिवळा. दुसऱ्या सिरिंजने निवळी थेंबथेंब सोडत पेला फिरवत राहायचं. मधेच एखादा थेंब पडतो तिथे लालसर ठिपका उमटतो आणि फिरवल्यावर नाहीसा होतो. तो नाहीसा व्हायला वेळ लागायला लागला की हात आवरायचा. एका थेंबाने सगळा पेला लालसर-तपकिरी झाला आणि तसाच राहिला की थांबायचं, मिलि वाचायचे. व्हिनेगर ४ टक्क्यांचं असेल तर चौदा ते सोळा मिलिच्या आसपास आकडा येतो. तीन वाचनं एकमेकांच्या जवळ येईपर्यंत करायचं. लॅबमध्ये आम्ही हेच करायचो, फक्त काच महाग होती.

डोळ्यांवर गॉगल हवाच. चुना डोळ्यात गेला तर इजा कायमची होऊ शकते, यात सवलत नाही. मोरचूद वापरलंत तर ती भांडी पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका. संडास धुण्याचं अॅसिड आणि ब्लीच कधीच एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. तीव्र सल्फ्युरिक आणि नायट्रिक अॅसिड घरी आणूच नका. ते प्रयोग केंद्रावरचे.

घरी न होणाऱ्या प्रयोगांची ओळख करून द्यायला ओलॅब्ज आणि फेट ही दोन संकेतस्थळं फुकट आहेत, मराठीतही बरंच काही आहे. पण ती ओळखच. पडद्यावर बुरेट गळत नाही आणि थेंब जास्त पडत नाही.

वही आणि वेळापत्रक

प्रयोगाची वही पहिल्या दिवसापासून पेनाने. आकडा चुकला तर एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा, खोडरबर किंवा पांढरी शाई नाही. औषधांच्या लॅबमध्ये हा नियमच असतो, आणि या वयात लागलेली सवय जन्मभर टिकते.

पहिल्या सहामाहीत मोल, अणुरचना, आवर्तसारणी आणि रासायनिक बंध एवढंच नीट झालं तरी पुष्कळ. ऑरगॅनिकला घाईने हात घालू नका, बंध पक्के झाले की ते सोपं जातं. दिवाळीपर्यंत मूल मोलच्या गणिताला अजून बिचकत असेल, तर पालक घाबरून पुस्तक बदलतात, क्लास लावतात, बोर्ड बदलायचं म्हणतात. त्यातलं काही करू नका. एप्रिलची परीक्षा ऑक्टोबरला ढकला, काटा बाहेर काढा आणि सोड्याचा प्रयोग पुन्हा करा, या वेळी वीस ग्रॅमने.