वेगाचा अंदाज घेताना या चुका टाळा

अतिवेगाचे मूळ प्रत्येक वेळी बेफिकिरीत नसते. अनेकदा ते चुकलेल्या हिशेबात असते. पहिली चूक होते वेळेच्या हिशेबात. 20 किलोमीटरचे अंतर ताशी 60 किलोमीटर वेगाने 20 मिनिटांत कापता येते आणि ताशी 80 ने 15 मिनिटांत. म्हणजे वाटेत सिग्नल, वळण किंवा कोंडी काहीच लागले नाही असे धरले, तरी पदरात पडतात ती जेमतेम पाच मिनिटे. तेवढे आधी निघावे, आणि पोहोचण्याची नेमकी वेळ कोणालाही कबूल करू नये, कारण उशीर होऊ लागला की त्या शब्दापायीच ॲक्सिलरेटरवरचा पाय जड होतो.

ब्रेकच्या भरवशावर वेग वाढवणे ही याहून घातक चूक आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. शिवाय धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत सावध चालकाचाही सुमारे एक सेकंद जातो. हा सेकंद धरून, कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक लावल्यास ताशी 50 ने येणारी गाडी साधारण 28 मीटरवर थांबते. त्याच ठिकाणी, त्याच क्षणी सावध झालेल्या चालकाची ताशी 70 ने येणारी गाडी मात्र त्या 28 मीटरवर अजून ताशी 58 च्या आसपास धावत असते. तिथे रस्ता ओलांडणारे मूल असेल, तर पहिली गाडी त्याच्या अलीकडे थांबते आणि दुसरी त्याला जीवघेणी धडक देते. हे गणित मला फार महत्त्वाचे वाटते, कारण दोन्ही चालक तितकेच दक्ष आहेत आणि फरक केवळ वेगाचा आहे. एबीएस या ब्रेकच्या यंत्रणेमुळे जोरात ब्रेक लावला तरी चाके जाम होत नाहीत व स्टिअरिंग ताब्यात राहते. पण अतिवेगाने वाढलेले अंतर ती यंत्रणा भरून काढू शकत नाही.

महामार्गावर बराच वेळ वेगाने गेल्यावर वस्तीतला धोकादायक वेगही संथ वाटू लागतो. म्हणून महामार्ग सोडताच अंदाजावर न जाता स्पीडोमीटर पाहावा, आणि सोय असल्यास वेगमर्यादेची सूचना चालू ठेवावी. रात्री हेडलाइटच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात गाडी थांबवता येईल इतकाच वेग ठेवावा.

मागचा चालक हॉर्न वाजवून घाई करत असेल, तर वेग न वाढवता सुरक्षित जागा मिळताच त्याला पुढे जाऊ द्यावे. तोपर्यंत पुढच्या गाडीपासूनचे अंतर मुळीच कमी करू नये.