गाभण घोडीच्या कोंड्याचा हिशेब

आमची बिजली यंदा दुसऱ्यांदा गाभण आहे. मांजरी गावात घरामागेच तबेला, घोडीचं वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. पहिल्या खेपेला मी लाडानं रोज दोन किलो गव्हाचा कोंडा भिजवून घालायचो. नवव्या महिन्यात ती पाय आखडून चालायला लागली. डॉक्टरांनी चंदीत, म्हणजे घोडीच्या खुराकात, काय काय असतं ते विचारलं आणि कपाळावर हात मारला.

कोंड्याच्या एका किलोत फॉस्फरस साधारण 11 ग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम सव्वा-दीड ग्रॅम. घोडीला हवं नेमकं उलटं, म्हणजे फॉस्फरसच्या दीड ते दोन पट कॅल्शियम. ते फॉस्फरसपेक्षा कमी पडलं, की शरीर स्वतःच्या हाडांतून उपसायला लागतं. शेवटच्या तीन महिन्यांत एवढ्या घोडीला रोज निदान 25 ग्रॅम कॅल्शियम आणि 18 ग्रॅम फॉस्फरस लागतो, कारण शिंगराची, म्हणजे पोटातल्या पिल्लाची, हाडं तेव्हाच भराभर भरतात.

म्हणून आधी काटा आणा, स्वयंपाकघरातला चालेल. आमच्या दोन लिटरच्या डब्यात हरभरा दीड किलोच्या वर भरतो आणि कोंडा अर्धा किलो. ‘दोन डबे घातले’ या बोलण्याला काही अर्थ नाही, हे मला तेव्हा कळलं.

आता बिजलीला रोज आठ किलो ओली लसूणघास (ल्युसर्न), साडेचार किलो वाळलं गवत, एक किलो ओट आणि कोंडा फक्त अर्धा किलो. बेरीज केली तर कॅल्शियम 36-37 ग्रॅम, फॉस्फरस 22 च्या आसपास. लसूणघास नसेल त्या दिवशी खाद्यासाठीची चुनखडीची पूड 30 ग्रॅम ओल्या चंदीत कालवतो, त्यातून दहा-अकरा ग्रॅम कॅल्शियम मिळतं. शेजारच्या काकांनी पानाचा चुना सुचवला होता. तो अजिबात नको, तोंड भाजेल.

हत्तीगवतावर भिस्त ठेवू नका. त्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम बांधून ठेवतं, मग कागदावर जुळलेला हिशेब पोटात जुळत नाही.

तांब्याकडे माझं लक्ष उशिरा गेलं. घोडीच्या दुधात तांबं कमी असतं, त्यामुळे शिंगरू पोटात असतानाच ते यकृतात साठवून घेतं. बिजलीच्या वजनाला शेवटच्या महिन्यांत रोज 90 मिलिग्रॅम तांबं आणि 280 मिलिग्रॅम जस्त लागतं. त्यासाठी घोड्यांचंच मिनरल मिक्स्चर घ्या, आणि एकच. दोन एकत्र घातली तर त्यातलं सेलेनियम हे खनिज प्रमाणाबाहेर जातं, ते जास्त झालं तर विषारी. गाई-कोंबड्यांच्या खाद्याला तर हातही लावू नका, त्यात मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असलं तर घोड्याचा जीव जातो.

मीठ रोज मूठभर, नाहीतर गव्हाणीत खडा. बिजली खडाच चाटते, पण आधी तो पायानं गव्हाणीबाहेर पाडून.