भाऊ परदेशात आणि दावा गावच्या कोर्टात? ही तयारी करून ठेवा

जमिनीच्या वाटपाचा दावा आमच्या तालुक्याच्या दिवाणी कोर्टात चालू आहे, मी इथं आणि धाकटा भाऊ न्यू जर्सीत, तो तारखांना येणार नाही हे पहिल्यापासून माहिती होतं, म्हणजे त्याच्या वतीने मी काम बघायचं मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) आलंच. ज्यांचं कुणी बाहेर आहे त्यांनी हे सगळं आधीच उरकून घ्या, नंतर पळापळ होते, आमची झालीय.

मसुद्याच्याही आधी नाव बघा. आमच्या सातबाऱ्यावर भाऊ 'बाळासो' आहे आणि पासपोर्टवर शाळेतलं नाव, म्हणजे कागदावर दोन वेगळे इसम! वकिलांनी दोन्ही नावं 'ऊर्फ' लावून घातली आणि एकच इसम असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. गट नंबर, क्षेत्र, दाव्याचा नंबर ताज्या कागदावरून उतरवा, तोंडी सांगितलेलं नको. मसुदा नेटवरून कॉपी करू नका, इथल्या वकिलाकडूनच घ्या, कारण वकीलपत्रावर सही करणं, कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) देणं, अपील करणं, तडजोड करणं हे सगळे अधिकार स्पष्ट लिहिलेले बरे. तडजोडीचा अधिकार द्यायचा की नाही हे भावाभावांनी आधीच बोलून घ्या, नंतर त्यावरूनच वाजतं.

मग सही. ती घरी करून ठेवायची नाही, भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यासमोर किंवा तिथल्या नोटरीसमोरच करायची, पानापानावर, आणि फोटो, दोन साक्षीदार, पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं ओळखपत्र) तयार ठेवायचं. अमेरिकेत राहता त्या राज्याप्रमाणे कॉन्सुलेट (वकिलातीचं तिथलं कार्यालय) ठरतं, न्यू जर्सीवाल्यांना न्यूयॉर्क, टेक्सासवाल्यांना ह्यूस्टन, त्यामुळे दुसरीकडे अपॉइंटमेंट घेऊन उपयोग नाही. दुसरा रस्ता अपोस्टिलचा, म्हणजे नोटरीपुढे सही आणि त्यावर त्या राज्याच्या सरकारचा शिक्का. १९६१ च्या हेग करारातली ही सोय आहे आणि भारत त्यात २००५ पासून आहे. कोणता रस्ता घ्यायचा ते आपल्या वकिलाला विचारूनच ठरवा.

आता आमचा गाढवपणा. दसऱ्याला कुरिअरचं पाकीट आलं, आईने देवापुढे ठेवून कपाटात टाकलं आणि होळी झाल्यावर मी ते वकिलांकडे नेलं. मला वाटलं एवढा मोठा अशोकस्तंभाचा शिक्का आहे, अजून काय पाहिजे. पण बाहेर सही झालेला दस्त महाराष्ट्रात पहिल्यांदा आल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. समोरच्या वकिलांनी बरोबर तिथंच हरकत घेतली, कागद मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला, दंड भरला, त्यात दोन तारखा वाया. तर शुल्क लगेच भरा, आणि कुरिअरचं पाकीट फेकू नका! कागद कधी आला हे त्याच्यावरच्या तारखेवरून दाखवता येतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती. मुखत्यारपत्र असलं तरी जे भावाला स्वतःला माहिती आहे त्याची साक्ष मी देऊ शकत नाही. सुप्रीम कोर्टाने २००४ साली जानकी भोजवानी विरुद्ध इंडसइंड बँक या निकालात हे साफ सांगितलंय, मुखत्याराने स्वतः जे केलं तेवढ्यापुरतंच त्याने बोलायचं. वडिलांनी भावाला कोणता तुकडा कधी तोंडी दिला हे भावानेच सांगायचं आणि उलटतपासही त्याचाच होणार. मग तिकीट काढा किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा अर्ज द्या. व्हिडिओवरच्या साक्षीची वाट २००३ च्या डॉ. प्रफुल्ल देसाई खटल्यात मोकळी झाली, तिथंही साक्षीदार अमेरिकेतला डॉक्टर होता आणि तो भारतात यायला तयार नव्हता. अर्ज वेळेत द्या, कारण बाहेरच्या साक्षीदाराजवळ बसायला सहसा तिथल्या भारतीय वकिलातीचा अधिकारी लागतो, म्हणजे घरी सोफ्यावर बसून मोबाईलवरून साक्ष होईल असं धरून चालू नका. वेळेचं गणित पण मांडून ठेवा, हिवाळ्यात इथं सकाळचे ११ म्हणजे न्यू जर्सीत रात्रीचे साडेबारा, त्या वेळी कॉन्सुलेट कोण उघडं ठेवणार? त्यामुळे वेळ बदलून मागायची विनंती त्याच अर्जात करा, आणि दाखवायचे कागद आधीच तिकडे पोचवायची व्यवस्था लावा.

समोरच्या बाजूचा कुणी बाहेर असेल, जसा आमचा एक चुलतभाऊ आहे, तर त्याचा खरा पत्ता दावा लावतानाच मिळवा. अशा समन्सची वाट (ती अपोस्टिलहून वेगळ्या हेग करारातली) दिल्लीच्या कायदा मंत्रालयातून जाते, पत्ता चुकला की सगळं पहिल्यापासून.

दाव्याचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा ओळख क्रमांक), १६ अक्षर-अंकांचा, भावाला पाठवून ठेवा, ई-कोर्ट्सच्या ॲपवर त्याला तारखा दिसतात. तोटा एकच, आता माझ्या आधी त्यालाच तारीख कळते आणि सकाळी सहाला फोन येतो, "दादा, पुढे ढकलली की रे."